मॅगव्हील बदलताय? टायर प्रेशर सेन्सरच्या बाबतीत या चुका टाळा

नवी गाडी घेतली की वर्षभरात मॅगव्हीलची, म्हणजे ॲलॉयच्या देखण्या चाकांची, हौस येतेच. होटगी रोड असो की अक्कलकोट रोड, सोलापुरात चाकं बदलून घ्यायला फार वेळ लागत नाही. दुकानात बोलणं होतं ते साइज, डिझाइन आणि जुन्या रिमच्या एक्स्चेंजचं. चाकाच्या आत व्हॉल्वला जोडून बसलेल्या सेन्सरचा विषय निघतो तो गाडी जॅकवरून खाली उतरल्यावर, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की. मग "काही होत नाही ओ मालक, चालवा तशीच" हे उत्तर ठरलेलं.

असं चालवणं धोक्याचं आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पुणे-हैदराबाद महामार्गाचं डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. हवा कमी असलेल्या टायरच्या भिंती सतत वाकत राहतात, आतून तापतात आणि भर वेगात टायर फुटू शकतो. हवा कमी झाल्याचं वेळेत सांगणारी यंत्रणा नव्या चाकांपायी बंद पाडू नका. सेन्सरचं काय करायचं हे टायर मशीनवर चढण्याआधी, खरं तर पैसे देण्याआधी ठरलं पाहिजे.

गाडीत कोणती पद्धत आहे ते न बघणं

पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. पद्धती दोन आहेत. पहिलीत प्रत्येक चाकाच्या आत सेन्सर असतो आणि तो हवेचा दाब रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो. दुसरीत चाकात काहीच नसतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकांचा वेग मोजतच असतात. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फिरतं आणि त्यावरून गाडी अंदाज बांधते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत ही दुसरी पद्धत असते.

स्क्रीनवर चारही टायरचे पीएसआय (हवेच्या दाबाचे आकडे) वेगवेगळे दिसत असतील तर सेन्सर आत आहेत असं धरा. नुसता दिवा असेल तर मॅन्युअल उघडा, अंदाजाने ठरवू नका. दुसऱ्या पद्धतीच्या गाडीला कुणी चार सेन्सर विकत असेल तर ते घेऊ नका. तिथे चाकं बदलल्यावर, हवा बरोबर भरून, मेन्यूतून किंवा बटणाने रीसेट करायचं, बस्स. पण या पद्धतीची एक मर्यादा लक्षात ठेवा: चारही टायरची हवा सारखीच हळूहळू उतरली तर तिला ते समजत नाही. तिथे हवा मोजायचा गेज लागतोच.

जुन्या चाकांबरोबर सेन्सरही देऊन टाकणं

एक्स्चेंजमध्ये रिम जातात आणि त्यांच्या आतले सेन्सरही जातात. बिलावर त्यांचा उल्लेख नसतो, भावही नसतो. गाडी तीन-चार वर्षांची असेल तर हे सेन्सर काढून नव्या चाकात बसवता येतात. त्यांची बॅटरी सीलबंद असते, साधारण पाच ते दहा वर्षं टिकते आणि वेगळी बदलता येत नाही. म्हणून गाडी सात-आठ वर्षांची असेल तर याच वेळी नवे बसवा. नाहीतर सहा महिन्यांनी त्याच कामासाठी पुन्हा चारही टायर उतरवायला लागतील.

नवे घेताना फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडच्या गाड्यांना साधारणपणे ४३३ मेगाहर्ट्झचे लागतात. अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांना ३१५ चे असतात. ऑनलाइन स्वस्तात मिळाले म्हणून ३१५ चे आणले, तर दिसायला हुबेहूब तेच, बसतातही, पण गाडीला त्यांचा सिग्नल कळत नाही.

रिममध्ये सेन्सरला जागा आहे का?

पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचं माप), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) सगळे विचारतात, हे फारसं कुणी विचारत नाही. कारच्या रिमचं व्हॉल्वचं भोक बहुधा ११.३ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे व्हॉल्व जातोच. अडचण आत असते. भोकाभोवतीचा भाग सपाट हवा आणि सेन्सरची डबी रिमच्या पृष्ठभागाला नीट टेकली पाहिजे. डबी वर उचललेली राहिली तर टायर चढवताना तिच्यावर कड घासते आणि ती फुटते. टायर घालण्याआधी एका रिकाम्या रिममध्ये सेन्सर बसवून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

मशीनपाशी न थांबणं

चहा प्यायला जाऊ नका, इथेच उभे राहा. टायरची कड रिमपासून सोडवताना मशीनचं पातं टायरच्या भिंतीवर जोरात दाबलं जातं. हे पातं व्हॉल्वजवळ पडलं की आतली प्लास्टिकची डबी तडकलीच म्हणून समजा. बाहेरून काही दिसत नाही. "मामा, आत सेन्सर आहे, व्हॉल्व लांब ठेवून दाबा" एवढं सांगितलं तरी पुरतं. चांगला कारागीर ते ऐकून आधी व्हॉल्व कुठे आहे ते बघतो, चाक फिरवून घेतो आणि मगच पायडलवर पाय ठेवतो.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे व्हॉल्वची नट. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्वखाली रबराचा छोटा वायसर असतो, तो प्रत्येक वेळी नवा टाकायचा. नट नेमक्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळायची असते आणि तो फार कमी असतो. हाताला येईल तेवढ्या जोराने पाना मारला तर व्हॉल्वच तुटतो. आतली पिन निकेलचा मुलामा असलेली हवी. साधी पितळी पिन ॲल्युमिनियममध्ये गंजून अडकते. टोपीही प्लास्टिकचीच ठेवा, चमकणाऱ्या धातूच्या टोप्या कालांतराने निघत नाहीत. सेन्सरचं वजन काही ग्रॅम असतंच, तेव्हा बॅलन्सिंग सेन्सर बसवल्यानंतर करून घ्या.

दिवा काय सांगतो

गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकला आणि मग कायम पेटून राहिला, तर दोष बहुधा यंत्रणेत आहे: सेन्सर मेला आहे, चुकीचा आहे किंवा गाडीने त्याला ओळखलेलं नाही. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा क्रमांक असतो. काही गाड्या थोडा वेळ चालवल्यावर नवे क्रमांक आपणहून नोंदवतात, काहींना स्कॅनर लागतो. कोऱ्या युनिव्हर्सल सेन्सरमध्ये जुन्यांचे क्रमांक उतरवूनही घेता येतात. दुकानात हे साधन आहे का, ते आधी विचारा. नोंदणी झाल्यावर एका टायरची तीन-चार पीएसआय हवा सोडा आणि थोडी चालवून स्क्रीनवर त्याच कोपऱ्यातला आकडा उतरतो का ते बघा.

दिवा न लुकलुकता सरळ पेटला तर हवा खरंच कमी आहे. यात आपल्या हवामानाचाही हात असतो. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की दाब एक पीएसआयने घटतो. मे महिन्यात भर दुपारी ३३ भरलेला टायर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे २८ च्या आसपास दिसेल. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या. टायरचा साइज बदलला असेल तर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्यापेक्षा कमी नाही ना, हेही त्याच वेळी पाहा.

पंक्चरसाठी बाटलीतलं द्रव वापरलं असेल तर सेन्सरचं बारीक छिद्र बुजू शकतं, पुढच्या वेळी टायर उतरला की ते साफ करून घ्या. २०२० पासून प्रेशर यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. तुमच्या डिकीत स्टेपनी नसेल, तर प्रेशर यंत्रणा बंद पडलेल्या गाडीने रात्रीचा तुळजापूर-पंढरपूरचा फेराही करू नका. आणि स्टेपनी जुन्या रिमवर, सेन्सरशिवाय असेल, तर ती लावल्यावर दिवा लुकलुकणारच. तो बिघाड समजून सेन्सर बदलायला जाऊ नका. पंक्चर काढून मूळ चाक परत लावा, थोडी गाडी चालवा, मगच पुढचं ठरवा.