शेळ्यांत मरतूक आली तर

शेळी मेली की घरात दोन गोष्टी लगेच होतात. कुणीतरी म्हणतं नजर लागली, आणि कुणीतरी खाटकाला फोन लावतं. दोन्ही थांबवा. मी धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात पशुसखी आहे, म्हणजे गावात जनावरांची पहिली देखभाल करणारी बाई, घरी माझ्याही उस्मानाबादी शेळ्या आहेत. आमच्याकडं निम्मी गल्ली दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते, मागं म्हातारी माणसं आणि शेरडं राहतात. अशा वेळी मरतूक झाली की आधी मला हाक येते, डॉक्टरांना नंतर. खरं तर उलटं पाहिजे. पण चाललंय ते असं, म्हणून निदान मी पोचेपर्यंत काय करायचं ते इथं लिहिते.

मेलेल्या शेळीकडं जाण्याआधी जिवंत शेळ्यांकडं जा. कोण रवंथ करत नाही, कुणाचं नाक वाहतंय, कोण कोपऱ्यात मान टाकून उभी आहे, ते बघा. अशा दिसतील त्या वेगळ्या बांधा, त्यांची पाण्याची बादली वेगळी करा. कळप त्या दिवशी चरायला सोडू नका. आधी धडधाकट शेळ्यांचं वैरणपाणी उरका, आजारीकडं शेवटी जा, नंतर हातपाय साबणानं धुवा.

मग मेलेल्या शेळीकडं बघा, पण हात न लावता. नाकातून, तोंडातून किंवा शेणाच्या जागेतून काळपट रक्त आलंय, ते गोठत नाही, अंग भराभर फुगतंय आणि पाय ताठ होत नाहीत, असं असेल तर फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाचा संशय धरा. अशी शेळी कापायची नाही, सोलायची नाही, ओढत न्यायची नाही. या रोगाचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसालाही होतात. पोरंबाळं, कुत्री लांब ठेवा आणि १९६२ वर फोन करा. हा फुकटचा नंबर आहे, फिरतं पथक येतं.

तसं काही दिसत नसेल तर मोबाइल काढा. कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा बारा आकडी नंबर वाचता येईल असा एक फोटो, पूर्ण शेळीचा एक, आणि गोठ्याचा एक. नंतर शेळी सावलीत ठेवून दवाखान्यात कळवा आणि शवविच्छेदन करून द्या म्हणून मागणी करा. उन्हाळ्यात चार-सहा तासांत पोट फुगून आतलं सगळं खराब होतं, मग डॉक्टरांनाही काही सांगता येत नाही. मेलेल्या जनावराला कशाला फाडायचं, असं सासूबाईंच्या वयाची माणसं म्हणतात. त्यांना सांगायचं की मागं राहिलेल्यांचं औषध त्या पोटात लिहिलेलं असतं. डॉक्टरांनी नमुने घेतले तर ते बर्फात घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं जाऊ शकतात. उत्तर यायला वेळ लागतो, पण मागे लागा.

कोण मेलं, कधी मेलं आणि आदल्या दिवशी काय खाल्लं, एवढ्यावरून निम्मं निदान होतं. हे डॉक्टर येईपर्यंत वहीत लिहून ठेवा.

पहिल्या पावसानंतर बांधावर कोवळं लुसलुशीत गवत येतं. शेळ्या हापापून खातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातलं सगळ्यात गुबगुबीत करडू मान मागं टाकून मेलेलं सापडतं. रोडकं नाही, गुबगुबीतच. तो आंत्रविषार. नजर लागली हे म्हणणं सगळ्यात जास्त याच मरणावर चालतं, कारण चांगलं दिसणारंच जातं. नजर कसली, भरल्या पोटात जंतू माजतात आणि विष तयार करतात. लग्नातला उरलेला भात किंवा खळ्यावरची ज्वारी भसाभस खाल्ली तरी हेच होऊ शकतं. याची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यातच घ्यायची. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात टोचली तर चिकातून करडालाही संरक्षण मिळतं. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात चरायला सोडण्याआधी थोडा कडबा किंवा तुरीचं भुसकट खाऊ घाला, म्हणजे हिरव्यावर तुटून पडत नाहीत.

एकामागून एक जायला लागल्या, ताप, डोळ्यांत चिपडं, नाकाला घट्ट शेंबूड, तोंडात फोड आणि पातळ संडास असं सगळं एकत्र दिसलं, तर पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग. बहुतेक वेळा आठवड्यापूर्वी बाजारातून कुणीतरी नवीन शेळी आणलेली असते. हा विषाणू आहे, त्याच्यावर थेट औषध नाही. डॉक्टर जी इंजेक्शनं देतात ती छातीत आणि पोटात होणाऱ्या दुसऱ्या जंतूंसाठी असतात, म्हणून ती अर्ध्यावर सोडायची नाहीत. लस मात्र चांगली आहे. करडू तीन-चार महिन्यांचं झालं की एक टोचणी, पुढं साधारण तीन वर्षं काळजी नाही.

तरी लहान माणसाच्या शेळ्या लसीविना का राहतात, ते मी रोज बघते. लसीची बाटली पन्नास-शंभर मात्रांची असते. एकदा पाण्यात विरघळवली की बर्फावर ठेवून काही तासांतच संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. चार शेळ्यांसाठी शंभरची बाटली कोण फोडेल? म्हणून तक्रार करत बसण्यापेक्षा गल्लीतल्या शेळ्या एका जागी आणा. आम्ही बचत गटाच्या मासिक बैठकीतच यादी करतो, मारुतीच्या पारावर सकाळी सातला सगळ्यांनी आपापली शेरडं आणायची, आणि मग दवाखान्यात तारीख मागतो. यादी हातात असली की डॉक्टर नाही म्हणत नाहीत.

जंताचं मरण सावकाश येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शेळीची खालची पापणी उलटून बघा. लालगुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी असेल आणि जबड्याखाली पाण्याची थैली लोंबत असेल, तर जंत रक्त पिताहेत. औषध वजनावर द्यायचं, अंदाजपंचे नाही. दर वेळी तेच औषध वापरून जंत सरावतात, म्हणून कोणतं द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. ज्वारी काढून झाल्यावर सडाला कोवळे फुटवे येतात. त्यावर शेळ्या गेल्या तर किरळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष बाधतं, आणि बघता बघता जनावर आडवं होतं. त्यावर इंजेक्शन आहे, पण ते वेळेत मिळालं तर. गाभडण्याचे प्रकार लागोपाठ झाले तर वार उघड्या हातानं उचलू नका. ब्रुसेला, म्हणजे गाभ पाडणारा आणि माणसालाही होणारा जंतू असेल, तर तो घरच्या बाईलाच आधी धरतो, कारण वार आम्हीच उचलतो.

जन्मलेली करडं जाण्यामागं बहुतेक वेळा थंडी आणि उशिरा पाजलेला चीक असतो. वार पडायची वाट बघून मग पाजायचं, ही रीत मोडा. तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. नाळेला आयोडीन लावा. खाली गोणपाट टाका. याउपरही दहातलं एखादं जातं, आणि हिशेब मांडतानाच तेवढं धरून चालायचं. प्रत्येक करडू बाजारात गेलं असं धरून कागदावर नफा काढून दाखवणाऱ्या माणसाकडून शेळीपालन शिकू नका.

आता पैशाचं. विमा उतरवला असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा. बिल्ला नाही तर दावा नाही, हा सरळ नियम आहे, त्यामुळं बिल्ला कानासकट जपून ठेवा. जिवंतपणी बिल्ला पडला तर तेव्हाच कळवून नवा मारून घ्या. २०२४ च्या केंद्राच्या निर्णयानं विम्याच्या हप्त्यातला पाळणाऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे. दवाखान्यात जाऊन आपल्याकडं योजना चालू आहे का ते विचारत राहा.

वीज पडून किंवा पुरात गेली तर काम तलाठ्याकडं असतं, विमा असो वा नसो. पंचनामा करून घ्या. आपत्तीच्या निकषांत शेळीला ४,००० रुपये आहेत, दुभती लहान जनावरं ३० पर्यंत धरतात. बाजारात शेळीची किंमत काय चालते ते सगळ्यांना माहीत आहे, पण तेवढे तरी सोडू नका. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडं पाणी शिरलं तेव्हा जनावरं वाहून गेली, दाखवायला मढंही उरलं नाही. त्यामुळं आता मी सगळ्यांना सांगते, पोळ्याला बैलाचा फोटो काढता तसा शेळ्यांचाही बिल्ल्यासकट फोटो काढून पुण्याच्या नाही तर मुंबईच्या पोराला पाठवून ठेवा.

लांडग्यानं किंवा बिबट्यानं मारली तर वनरक्षकाला ४८ तासांच्या आत कळवायचं आणि शेळी जागेवरून हलवायची नाही. येडशीच्या जंगलात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून वाघ आल्यापासून तिकडच्या लोकांना हे पाठ झालंय. आमच्याकडं अजून रागाच्या भरात मढ्यावर विषारी औषध टाकायची भाषा होते. त्यानं भरपाई जाते, गुन्हा मागं लागतो आणि गावची कुत्री मरतात.

पुरायचं असेल तर पुरुषभर खड्डा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, वर-खाली चुना. उकिरड्यावर टाकलेलं मढं कुत्री रात्रीत चार गोठ्यांपर्यंत पोचवतात. आणि कळपात रोग असताना राहिलेल्या शेळ्या बाजारात नेऊन फुंकू नका. मोह होतो, मला कळतं, कर्जाचा हप्ता तोंडावर असतो. पण ती शेळी तुमच्यासारखीच कुणीतरी कर्ज काढून घेते.

कर्जाच्या हप्त्याचं बचत गटात आधी सांगा, तारीख चुकल्यावर नाही. डॉक्टरांचा दाखला पुढं ठेवला की गट मुदत वाढवून देतो, बँकेतही तोच कागद लागतो. आणखी एक, हे पुरुषांनी वाचलं तर बरं. शेळी मेली की घरात बोलणी बाईला बसतात, तुझं लक्ष नव्हतं म्हणून. लसीची तारीख कुणी पाळायची होती, तेही मग त्याच वेळी विचारा.

गोठा रिकामा झाला की वरची वीतभर माती काढा, चुना टाका, गव्हाण धुण्याच्या सोड्याच्या कडक पाण्यानं घासा आणि ऊन लागू द्या. महिनाभर नवीन जनावर आणू नका. भरपाईचे पैसे आले की बाजारात धावणारी माणसं मी पाहिलीत. मोठी, शिंगाळी, दुसऱ्या मुलखातली शेळी घेऊन येतात आणि ती आमचा उन्हाळा काढत नाही. ओळखीच्या घरातली, जिची आई तुम्ही पाहिलीय अशी उस्मानाबादी घ्या, दिवसा घ्या, आणि आणल्यावर तीन आठवडे वेगळी बांधा.

पैसेच नसतील तर अर्धलीवर शेळी घ्या. दुसऱ्याची शेळी आपण सांभाळायची, करडं निम्मी निम्मी. ही आपल्याकडची जुनी वाट आहे आणि त्यात कर्ज नाही. फक्त दोन माणसांसमोर आधीच ठरवा: लसीचा आणि औषधाचा खर्च कुणाचा, शेळी मेली तर नुकसान कुणाचं, एकच करडू झालं तर ते कुणाचं, आणि विम्याचे पैसे आले तर कुणाचे. पहिल्या वेतात एक पाट (मादी करडू) आणि एक बोकड झाला, तर पाट तुम्ही मागा. बकरी ईदला बोकडाचे जास्त पैसे येतात म्हणून समोरचा तो आनंदानं नेतो.