डिकीचं दार डोक्यावर पडायचं थांबलं

माझ्याकडे एकाच मॉडेलच्या दोन जुन्या स्टेशन वॅगन आहेत. एक चालते, दुसरी समोरून ठोकलेली, सुट्या भागांसाठी घेतलेली. सोसायटीत तिला ‘अडगळ’च म्हणतात.

चालत्या गाडीची डिकी उघडली की दार हळूहळू डोक्यावर यायचं. दार वर धरून ठेवणाऱ्या गॅस शॉकअपमधला दाब गेला होता. दाराला बांबूचा टेकू दिला, बारीक स्क्रूड्रायव्हरने क्लिपा सैल केल्या आणि अडगळीचे शॉकअप चढवले. डिकी बंद असताना बारीक दांडी खाली आणि जाड नळी वर हवी, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. माझे आधीचे उलटेच बसवलेले निघाले!

मागचा वायपर आणि नंबरप्लेटचा दिवा मात्र बंदच. बिजागरीजवळची रबरी नळी सरकवली तर आत दोन वायरी तुटलेल्या, तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं. अडगळीचीही वायर नेमकी तिथेच तडकलेली. मग कुर्ल्याहून मीटरभर मऊ, बारीक तारांची वायर आणली. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. जोड बिजागरीपासून लांब, पुढेमागे घेतले, म्हणजे एका जागी गाठ होत नाही. सोल्डर, वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी.

वायपर फिरला. ब्लेड करकरतंय, ते नवीनच घेईन.