प्लेअर म्हणतो "मी त्याला पटवतो", आता डीएमने काय करायचं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ. तो चालवणारा डंजन मास्टर म्हणजे डीएम, आणि त्याच्या ताब्यातली पात्रं म्हणजे एनपीसी. अशा पात्राला बोलून वळवायला फासा टाकतात, त्या सोशल रोलबद्दल दोनच सल्ले फिरत असतात. एक, फासा टाका, आकडा बघा, पुढे चला. दुसरा, रोल नकोच, प्लेअरने बोलून दाखवायचं. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात एनपीसी माणूसच राहत नाही, आणि दुसऱ्यात ज्याला चारचौघांत तोंड उघडायला जड जातं त्याने बार्ड (गाण्या-बोलण्यावर चालणारं पात्र) खेळूच नये असं होतं. खाली जे लिहितेय ते डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांवरून, २०२४ चं वेगळं जिथे आहे तिथे सांगते.

सुरुवातीला प्लेअरला दोन गोष्टी विचारा: समोरच्याने नेमकं काय करायला हवंय, आणि त्याने ते का करावं. "मी पर्सुएजन (पटवायचं कौशल्य) मारतो" एवढ्यावर रोल देऊ नका. आवाज काढायची, अभिनय करायची गरज नाही, "मी त्याला सांगतो की आमच्याकडे जखमी माणूस आहे आणि पलीकडच्या गावात वैद्य आहे" एवढं पुरे.

मग स्किल, म्हणजे पात्राचं कोणतं कौशल्य रोलला लागू होतं ते. खरं बोलून पटवलं तर पर्सुएजन, खोटं सांगितलं तर डिसेप्शन, धमकावलं तर इंटिमिडेशन. धमकी अंगाच्या जोरावर असेल तर करिस्माऐवजी (छाप पाडायची ताकद) स्ट्रेंग्थ (अंगातलं बळ) घ्यायची मुभा प्लेअर्स हँडबुकमध्येच आहे, बिनधास्त द्या.

आता खरी मेख. फासा हातातून सुटायच्या आधी तुम्हाला माहीत हवं की हा एनपीसी जास्तीत जास्त कुठपर्यंत येईल. मला डीएमिंगमधलं हेच सगळ्यात उशिरा जमलं आणि बहुतेक टेबलांवर गाडी इथेच अडते. डीसी (रोलमध्ये गाठायचा आकडा) १० सोपा, १५ मध्यम, २० अवघड हे सगळ्यांना पाठ असतं, पण डीसी म्हणजे "किती अवघड" एवढंच, "काय मिळणार" ते त्यात कुठेच नाही. ते ठरवलं नसेल तर कोणीतरी नॅचरल २० (फाशावरच थेट २०) काढतो, सगळे ओरडतात, आणि तुम्ही दडपणाखाली राजाची तिजोरी देऊन बसता. अ‍ॅबिलिटी चेकमध्ये (म्हणजे अशा रोलमध्ये) नॅचरल २० म्हणजे आपोआप यश असा नियम नाही, २०१४ मध्येही नाही आणि २०२४ मध्येही नाही, हे पहिल्या सेशनलाच सांगून टाका.

२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये यासाठी एक छोटा तक्ता आहे, तो लोक का वापरत नाहीत मला कळत नाही. एनपीसी तीन प्रकारचा: मित्रत्वाचा, तटस्थ, शत्रुत्वाचा. तटस्थ माणूस १० ला तुमचं काम करतो पण स्वतःला झळ लागणार नसेल तरच, २० ला थोडी जोखीम घेतो. मोठी जोखीम फक्त मित्रत्वाचा माणूस घेतो, तीही २० ला. शत्रू २० आले तरी जोखीम घेतच नाही, बिनधोक असेल तेवढंच करतो.

समजा पार्टीला (प्लेअर्सच्या पात्रांच्या टोळीला) रात्री नदी ओलांडायचीये आणि नावाडी नाही म्हणतोय, कारण पाण्यात काहीतरी आहे आणि गेल्या आठवड्यात एक नाव परत आली नाही. हा माणूस तटस्थ, आणि मागणी जिवावरची. म्हणजे आत्ता कितीही आकडा आला तरी तो नाव सोडणार नाही, आणि हे प्लेअर्सना स्पष्ट सांगा, "काका असे तयार होणार नाहीत, त्यांना कसली तरी भीती आहे." लपवून रोल करायला लावणं हा प्लेअर्सचा वेळ खाणं आहे. इथून खरा खेळ सुरू होतो. थोडं बोलणं झालं की इनसाइट (समोरच्याचं मन ओळखायचा रोल) द्या, जमलं तर कळू दे की वल्ही मारायला त्याचा मुलगा असतो आणि सगळा जीव त्या पोरात अडकलाय. आता कोणी म्हणालं, "काका, पोराला इथेच ठेवा, वल्ही आम्ही मारतो, आणि आमच्यातला एक जण मशाल घेऊन पुढे बसेल," तर जोखीम कमी झाली, आता २० चा रोल द्या, मुद्दा इतका नेमका आहे की अ‍ॅडव्हांटेजही द्या, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. १४ आले? नाव नाही, पण वर कुठे पायी उतरता येतं ते तो सांगेल, कारण त्यात त्याचं काही जात नाही. आणि कोणी "ए म्हाताऱ्या, नाव काढ" म्हणालं असेल तर तो एक पायरी खाली, शत्रुत्वाकडे. आपण मराठीत खेळतो, अरे-तुरे कानाला लगेच लागतं, त्याचा परिणाम टेबलावर दिसायलाच हवा.

फेल झाल्यावर काय, तेही आधीच ठरवा. "तो नाही म्हणतो" हे पुरेसं नाही, त्याने काहीतरी हलायला हवं: तो दार लावून घेतो, किंवा पहारेकऱ्याला हाक मारतो, किंवा दुप्पट पैसे मागतो. आणि एक पडला की दुसरा लगेच "मी पण ट्राय करतो" म्हणतो, ते बंद करा. नवा मुद्दा किंवा नवी लालूच असेल तरच नवा रोल. २०२४ च्या नियमात तर लिहूनच दिलंय की त्याच पद्धतीने परत गळ घालायला २४ तास थांबायचं (डीएमला वेगळी मुदत ठरवता येते). तिथे डीसीही सोपा केलाय: १५ किंवा एनपीसीचा इंटेलिजन्स स्कोअर, जो जास्त असेल तो, आणि माणूस मुळातच तयार नसेल तर रोलच नाही.

इनसाइटला खोटं पकडायचं मशीन करू नका. "तो खोटं बोलतोय" असं सांगू नका, "मुलाचं नाव निघालं की तो दोरीशी चाळा करतो" असं सांगा, निष्कर्ष प्लेअरला काढू दे.

एका प्लेअरने दुसऱ्याच्या कॅरेक्टरवर पर्सुएजन टाकणं माझ्या टेबलावर चालत नाही. आपलं कॅरेक्टर काय मान्य करेल ते ज्याचं त्याने ठरवायचं.

रोल झाला की आकडा जाहीर करत बसू नका, सरळ एनपीसीच्या तोंडून पहिलं वाक्य बोला. आणि सेशन संपताना नावाड्याच्या नावापुढे तो आता मित्र, तटस्थ की शत्रू ते लिहून ठेवा, परतीच्या वाटेवर तोच भेटणार आहे.