पेशवाईतल्या सोनाराचा माग काढताय? या चुका टाळा

‘आमचे पूर्वज पेशव्यांचे सोनार होते’ हे वाक्य पुण्या-साताऱ्यातल्या, कोकणातल्या बऱ्याच घरांत ऐकायला मिळतं. ते खरंही असेल. पण कागदावर दाखवायला बसलं की पहिल्याच आठवड्यात दम लागतो. कारण साधं आहे. अठराव्या शतकातल्या सोनाराने स्वतःबद्दल फारसं काही लिहून ठेवलेलं नाही. त्याच्याबद्दल लिहिलं ते इतरांनी, आपापल्या कामापुरतं: सोन्याचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाने, दंड वसूल करणाऱ्या कोतवालाने, नाशिकच्या तीर्थोपाध्यायाने. म्हणून ‘माझ्या पूर्वजाचं चरित्र कुठल्या रुमालात (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात) आहे’ हा प्रश्नच चुकीचा. सोनं कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं आणि ते कुणाला लिहून ठेवावं लागलं, इथून सुरुवात करायची.

आडनाव घेऊन दफ्तरात शिरणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. त्या काळच्या कागदांत सोनार बहुतेक ‘अमुकशेट बिन तमुकशेट सोनार’ असा येतो. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. कधी त्याच अर्थी वलद येतं. गावाचं नाव कधी पुढे लागतं, कधी नाही. आज घरात चालणारं आडनाव पुष्कळदा नंतरचं असतं. तेव्हा आडनाव तात्पुरतं बाजूला ठेवा आणि बाप-लेकाच्या नावांची जोडी शोधा.

जोडी सापडली म्हणूनही हुरळून जाऊ नका. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने तीच जोडी दोन पिढ्यांनी परत येते. पेशव्यांचंच घराणं पाहा: बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव बल्लाळ, त्यांचे बाळाजी बाजीराव. पहिल्या बाजीरावांचा भाऊ चिमाजी, दुसऱ्या बाजीरावांचाही भाऊ चिमाजी. इतक्या प्रसिद्ध घराण्यात जर नुसत्या नावावरून माणूस ठरत नसेल, तर रविवार पेठेतल्या एखाद्या रामशेटचं काय घेऊन बसलात! नावाबरोबर पेठ, मालक किंवा भाऊबंद यांपैकी एक तरी खूण जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नयेत.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. छापील सूचीत लिप्यंतर करणाऱ्याने जसं वाचलं तसं नाव पडतं. सूचीत एकाच रूपात शोधून ‘नाही’ म्हणू नका.

सोनार, सराफ, पोतदार, जवाहिरे यांची खिचडी

सोनार घडवतो. सराफ नाण्यांची अदलाबदल आणि हुंडीचा व्यवहार करतो. पोतदार नाणी पारखतो. गावात हे काम पुष्कळदा सोनाराकडेच असे, पण पोतदारी हे वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क, होतं आणि त्याचे कागद वतनाच्या भांडणांत सापडतात. जवाहिरे खडे-मोत्यांचा व्यापारी. जडावाचं काम करणारा वेगळा, दागिने रेशमात ओवणारा पटवेकरी वेगळा, सोनाराच्या दुकानातली राख-माती धुऊन सोन्याचा कण काढणारा झारेकरी तर आणखीच वेगळा. तुमचा माणूस यांपैकी नक्की कोण हे ठरल्याशिवाय कुठले कागद मागायचे तेच कळत नाही. आणि आज पोतदार किंवा सराफ आडनाव असलेली घरं वेगवेगळ्या जातींत आहेत, हेही ध्यानात असू द्या.

याच धर्तीचा एक सापळा पुणे पुराभिलेखागारात आहे. पेशवे दफ्तरात ‘घडणी’ नावाचा विभाग आहे. नाव वाचून नवखा माणूस दागिन्यांची घडणावळ मिळणार म्हणून हरखतो. तो हिशेबी कागदांचा विभाग आहे; दागिन्यांशी त्या नावाचा संबंध नाही.

सालाचा घोळ

इथे थोडं थांबू, कारण बाकी सगळं बरोबर असून नऊ वर्षांनी माणूस चुकतो तो इथेच.

पेशवाईतल्या कागदावर बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो: मृग नक्षत्र लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढचा मृग लागेपर्यंत ६००. पानिपतचं उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचं आहे. १४ जानेवारी १७६१ म्हणजे ‘इहिदे सितैन मया व अलफ’, एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. त्यात ६०० मिळवा. शक पाहिला तर तो १६८२, आणि पौष महिना असल्याने त्यात ७८ नव्हे, ७९ मिळवायचे. हिजरी सन मात्र त्या दिवशी ११७४ चालू होता. आता गंमत अशी की पत्रावर ‘छ’ लिहून पुढे जमादिलाखर, रबिलावल असा चांद्र मुसलमानी महिना देतात आणि साल मात्र सुहूर. महिना पाहून साल हिजरी समजलात की गणित कोसळलं.

दुसरी चूक एकक-दशकाची. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर. सित सहा, सितैन साठ. समान आठ, समानीन ऐंशी. मोडीच्या धावत्या वळणात शेवटचा फराटा निसटला की ‘सबा सितैन’चं ‘सित सबैन’ व्हायला वेळ लागत नाही. पहिलं ११६७, म्हणजे १७६६-६७. थोरल्या माधवरावांचा काळ. दुसरं ११७६, म्हणजे १७७५-७६. तोवर माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला आणि बारभाईंचा कारभार सुरू झाला. म्हणून साल वाचल्यावर कागदात उल्लेखलेली बडी माणसं त्या साली हयात होती का, हे ताडून पाहा. फुकटची आणि खात्रीची तपासणी आहे ही.

फसली सन (महसुलाच्या हिशेबाचा सन) सुहूरपेक्षा नऊने पुढे असतो. नवाचाच फरक दोन्हीकडे, त्यामुळे चूक पकडणं आणखी अवघड.

रोजकीर्दीतली एक ओळ

रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. समजा, तिच्या एका ओळीत असा मजकूर आहे (ओळ नमुन्यादाखल रचलेली आहे): ‘रामशेट सोनार नि॥ जामदारखाना गु॥ बाळाजी, सोने तोळे १॥’. नवशिके इथे बाळाजीला रामशेटचा बाप करून वंशावळीत बसवतात. गु॥ म्हणजे गुजारत, अमक्याच्या हस्ते. बाळाजी हा सोनं नेऊन देणारा माणूस, बहुधा कारकून. नि॥ म्हणजे निसबत, अमक्याकडे नेमलेला; इथे जामदारखान्याकडे, म्हणजे मौल्यवान वस्तूंच्या कोठाराकडे. ते गाव किंवा आडनाव नव्हे. आणि १॥ म्हणजे दीड. १। सव्वा, १॥। पावणेदोन. त्या उभ्या रेघांना विरामचिन्ह समजून सोडून दिलं की अर्धा तोळा गेला.

ओळ अशी वाचून झाली की तिची जोडीदार ओळ शोधा. सरकारातून सोनं, पुष्कळदा पुतळ्या किंवा मोहरा या सोन्याच्या नाण्यांच्या रूपात, वजन करून सोनाराला दिलं जाई आणि दागिना तयार झाला की पुन्हा वजन करून घेतला जाई. मधली तूट आणि घडणावळ त्या दुसऱ्या ओळीत असते. दोन तारखांमधल्या अंतरावरून काम किती दिवस चाललं तेही कळतं. बहुतेक लोक नाव सापडलेल्या एका पानाचा फोटो काढून घरी जातात, हे पाहून मला हळहळ वाटते. माणसाच्या हातातलं काम कळतं ते त्या दुसऱ्या पानावर.

वजनांबाबत एवढंच: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा हे कोष्टक ठीक, पण आजच्या ११.६६ ग्रॅमने गुणू नका. १८० ग्रेनचा तोळा इंग्रजांनी १८३३ मध्ये पक्का केला. त्याआधी तोळा ठिकाणागणिक हलत होता. मोत्यांची किंमत नुसत्या वजनावर ठरत नसे, वजनाच्या वर्गावर (वजन गुणिले वजन) बेतलेल्या ‘चव’ नावाच्या मापाने ठरे. घडणावळीचे रुपयेही एकजात नसत. अंकुशी, चांदवडी अशी नाणी वेगवेगळी आणि प्रत्येकाचा बट्टा (बदलताना होणारी कपात) वेगळा. नाण्याचं नाव न पाहता ‘मजुरी वाढली’ असा निष्कर्ष काढू नये.

माणूस मध्येच गायब झाला तर

तो वारला असं लगेच लिहू नका. आधी कागद गायब झालेत का ते पाहा. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं. त्याआधीचे पुण्यातले पुष्कळ कागद त्यात गेले. दुसरं, पत्ता बदलला असेल. आजची बुधवार पेठ जुन्या कागदांत मोहियाबाद म्हणून, गुरुवार वेताळ म्हणून येते. तिसरं, काम मुलाच्या नावे चालू झालं असेल. चौथं, तो एखाद्या सरदाराच्या आश्रयाने दुसरीकडे गेला असेल. मग त्या सरदार घराण्याचं दफ्तर पाहावं लागतं.

हिशेबात नसलेला सोनार भांडणात सापडतो. कोतवालीच्या कागदांत दंड आणि घरखरेदी, मोहतर्फ्याच्या (कारागीर-दुकानदारांवरच्या कराच्या) यादीत दुकान, आणि ग्रामण्याच्या (जातीच्या हक्कांवरून होणाऱ्या वादांच्या) कागदांत तर पूर्ण नावांनिशी माणसं उभी असतात. सोनारांच्या धर्मकृत्यांच्या अधिकारावरून तेव्हा कडाक्याचे वाद चालले. ९ ऑगस्ट १७७९ रोजी मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांना ‘नमस्कार’ म्हणायला मनाई करणारा ठरावही केला. हे प्रकरण ‘दागिने’ या विषयाखाली शोधून आयुष्यात सापडणार नाही.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांचे चोपडे हा नात्यांसाठी उत्तम आधार. जाताना मूळ गाव आणि माहीत असतील तेवढ्या पिढ्या लिहून न्या. मात्र जुनी वही जीर्ण झाली की नवी उतरवून काढत. आपल्यासमोरची नोंद मूळ हातची की नंतरची नक्कल, हे विचारायला लाजू नका.

घरातला दागिना पुरावा म्हणून पुढे करणं

लंडनमध्ये सोन्या-चांदीच्या कारागिराला गोल्डस्मिथ्स कंपनीत आपली खूण नोंदवावी लागे. इंग्रजी मार्गदर्शिका वाचून आपल्याकडचे लोकही चिंचपेटीवर भिंग घेऊन बसतात. आपल्याकडे तशी नोंदवही नव्हती. शिवाय सोनं मोडून नवं करायची आपली सवय इतकी जुनी की पेशवाईतली म्हणून दाखवलेली नथ शंभर वर्षांनंतरचीही असू शकते. यादीतलं वर्णन आणि वजन जुळलं तरच तिचं नाव काढा.

मुंबई आणि गोवा

गोव्यात चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा झालेले सोनार मिळतील, हिंदू सोनार तिथे शोधण्यात अर्थ नाही; त्यांच्यासाठी पणजीच्या पुराभिलेखागारातले पोर्तुगीज सरकारी कागद बघावे लागतात. मुंबईत १७२८ पासून मेयर्स कोर्ट हे इंग्रजांचं न्यायालय होतं, आणि देणेकरी-घेणेकरी म्हणून सोनार, सराफ तिथे येत. त्या कागदांवर इंग्रजी तारीख असते म्हणून निर्धास्त होऊ नका. सप्टेंबर १७५२ पर्यंत इंग्रज जुनं पंचांग पाळत आणि १७५१ पर्यंत त्यांचं कायद्याचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. कागदावर १० फेब्रुवारी १७४४ असेल, तर आजच्या पद्धतीने तो दिवस २१ फेब्रुवारी १७४५ धरायचा.