जुनी कॅम्पर व्हॅन : या चुका टाळा, नाहीतर कन्नडच्या घाटात भेटू

जुनी ट्रॅव्हलर नाहीतर मॅटाडोर घ्यायची, आतल्या सीटा उपटायच्या, पलंग टाकायचा, छताला पिवळे दिवे लावायचे आणि शनिवारी तोरणमाळला निघायचं. आमच्या जळगाव-धुळ्याकडे हे वेड आता बऱ्यापैकी पसरलंय. माझ्याकडे १९९८ची ट्रॅव्हलर आहे, त्यामुळे यातल्या कुणाचीही गाडी बंद पडली की फोन मला येतो. गाडी घेताना मात्र कुणी फोन करत नाही. पडदे शिवून झालेले असतात, उशांच्या खोळी पडद्यांना मॅचिंग असतात, आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे मालकाला माहीत नसतं. आधी गाडी, मग घर, हे सांगून माझं तोंड दुखलं.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनमधलं पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. ती काढायची चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त बोलणार.

मे महिन्यात इकडे पारा ४४-४५ला टेकतो आणि जुन्या गाड्यांच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. मग हायवेवरचा कुणी तरी मिस्त्री सांगतो, "थर्मोस्टॅट काढून टाका साहेब. ते थंड देशातल्या गाड्यांसाठी असतं. आपल्याकडे काय काम त्याचं?" ऐकायला पटतं. मलाही पटलं होतं. त्याने दहा मिनिटांत काढून हातात दिलं, मी वर चहाही पाजला.

महिन्याभराने आम्ही वेरूळला निघालो. बायको, दोन मुलं आणि शालक. चाळीसगाव सोडलं आणि कन्नडच्या घाटात पुढे ट्रकांची रांग. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढण, वारा नाही, दुपारचा दीड. काटा अर्ध्यावरून वर गेला आणि थांबलाच नाही. गाडी कडेला घेतली तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. आमचे शालकबुवा उत्साही. मी दगड शोधून चाकाला लावेपर्यंत हा गमछा गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला. मी इतक्या जोरात ओरडलो की पुढच्या ट्रकचा क्लीनर खाली उतरला आणि त्यानेच विचारलं, "काय व्हयनं भाऊ?"

ते झाकण साधं झाकण नसतं. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशाला न उकळता त्याच्याही वर द्रवच राहतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि आतलं सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप (होज) हाताने दाबता येईपर्यंत थांबायचं. अर्धा तास, पाऊण तास, जेवढा लागेल तेवढा. आम्ही सव्वा तास बसलो, शेव-मुरमुरे संपले, मुलांनी ट्रक मोजले.

आता कारण ऐका, कारण ते कुणी सांगत नाही. माझ्या पिढीच्या ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं २.४ लिटरचं डिझेल इंजिन आहे. त्याचा थर्मोस्टॅट दोन कामं करतो. इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडतो, आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. मग बरंच पाणी रेडिएटरला न जाता इंजिनमधल्या इंजिनमध्येच फिरत राहतं. सपाट रस्त्यावर हे कळत नाही, घाटात लोड आला की कळतं. म्हणजे गार करण्यासाठी काढलेली वस्तू गाडी तापवते. शिवाय डिसेंबरच्या पहाटे इंजिन वेळेत तापत नाही, धूर मारतं, डिझेल पितं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी मी तो पातेल्यात उकळतो. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर जो आकडा कोरलेला असतो त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. बायकोने त्यासाठी एक पातेलं कायमचं गॅरेजला देऊन टाकलंय.

याच दुखण्याचं दुसरं मूळ म्हणजे बोअरचं पाणी. आपल्याकडे बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. घाटात नाइलाजाने साधं पाणी टाकलं तर घरी आल्यावर काढा, "चालतंय की" म्हणू नका. कापसाच्या हंगामानंतर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापूस आणि कचराही काढा. प्रेशर लावायचं तर बेताचं आणि फॅनच्या बाजूने बाहेर, उलटं मारलं तर कचरा आणखी आत बसतो. आणि काटा चढताना गाडीत हीटर असेल तर तो फुल लावा, इंजिनची थोडी उष्णता तरी तिकडून निघते. मे महिन्यात हीटर लावा म्हटलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. बघू द्या.

घरच्या वायरमनकडून गाडीची फिटिंग

दुसरी लाडकी चूक. सारंगखेड्याच्या यात्रेला, घोडेबाजार बघायला, मी दत्तजयंतीच्या सुमारास गाडी घेऊन जातो. तापीकाठी थंडी चांगली असते. तीनेक वर्षांपूर्वी शेजारी एका तरुणाची व्हॅन लागली होती. नवीकोरी फिटिंग, बारा दिवे, पंखा, हजार वॅटचा इन्व्हर्टर आणि त्यावर इलेक्ट्रिक किटली. रात्री अकराला मला वास आला. जळालेल्या प्लॅस्टिकचा वास एकदा घेतला की माणूस तो विसरत नाही. मी दार ठोठावलं. पलंगाखालची वायर हात लावता येणार नाही इतकी तापली होती आणि तिच्यावर चक्क गादी.

फ्यूज कुठाय म्हटलं, तर पोरगा म्हणतो, "भाऊ, फ्यूज घडीघडी उडस, म्हनीसन तार लाई दिन्ही."

फ्यूज उडतो तेव्हा तो काही तरी सांगत असतो. त्याचं तोंड बंद करून काय मिळवलं? पण खरी चूक तारेच्याही आधीची होती. फिटिंग गावातल्या घरगुती वायरमनने केलेली. माणूस कामाचा पक्का, पण त्याचं गणित २३० व्होल्टचं. घरात हजार वॅट म्हणजे साडेचार अँपिअरच्या आत, अडीच स्क्वेअर एमएमची वायर आरामात चालते. गाडीत १२ व्होल्ट. तेच हजार वॅट म्हणजे ८३ अँपिअर, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळं. त्या वायरला ते कसं झेपणार? बॅटरी काढली, वायर थंड होऊ दिली, आणि रात्रभर त्याला माझ्या गाडीतली ब्लँकेट दिली. पहाटेचा चहा मात्र त्याच्याकडून वसूल केला, चुलीवरचा.

माझी सवय सांगतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, कारण फ्यूजच्या आधीची वायर घासली तर तिला वाचवायला कुणी नसतं. फ्यूज वायरच्या ताकदीप्रमाणे, उपकरणाच्या हौसेप्रमाणे नाही. वायर पत्र्यातून जाते तिथे भोकाला ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, नाहीतर खडबडीत रस्त्यावर पत्र्याची धार महिन्याभरात इन्सुलेशन कापते. घरासाठी बॅटरी वेगळी. गाडीच्या बॅटरीवर पंखा चालवून सकाळी धक्का मारणारे मी सातपुड्यातल्या पाल गावात दोनदा पाहिलेत, दोन्ही वेळा धक्का मारायला मीच. आणि साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली नेत राहिलात तर ती लवकर मरते, मग दुकानदाराशी भांडू नका.

घाट न्यूट्रलवर उतरणं

यावर मला चर्चाच करायची नाही. डिझेल वाचतं म्हणे. पण न्यूट्रलवर इंजिन गाडीला आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. ब्रेकला जोर देणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो आणि व्हॅक्यूम पंप इंजिनवर. वर इंजिनही बंद केलंत तर दोन-तीन दाबांत पेडल दगड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर हाच आकडा १४०पर्यंत येऊ शकतो. उकळलं की नळीत बुडबुडे, आणि पेडल थेट फ्लोअरला. तोरणमाळचा सातपायरीचा घाट हा प्रयोग करायची जागा नव्हे. दर दोन वर्षांनी बदला, दिसायला स्वच्छ असलं तरी.

बाकीच्या, भराभर

टायरची नक्षी बघून "अजून नवाच आहे" म्हणू नका. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. उभ्या गाडीचा टायरही म्हातारा होतो, आपल्या उन्हात जरा लवकरच.

गंजावर लांबी (पुट्टी) मारून रंग देणं म्हणजे जखमेवर पावडर. खरवडा, कुजलेला पत्रा कापा, नवा जोडा. स्वस्तात उरकून देणारा पेंटर सहा महिन्यांनी फोन उचलत नाही.

छप्पर गळतं म्हणून सिलिकॉनचे थरावर थर. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, रंगही धरत नाही. सगळं खरवडून पॉलियुरेथेन सीलंट. पाणी टपकतं तिथे भोक नसतं, ते वरच्या बाजूला कुठे तरी असतं, हेही लक्षात ठेवा.

ग्रॅनाइटचा ओटा. होय, एकाने बसवलाय. वजन वाढलं म्हणून स्प्रिंगचा पाटा वाढवला की गाडी उंच दिसते, पण अ‍ॅक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घाला, डोळे उघडतील.

डिझेल संपेपर्यंत चालवणं. जुनं इंजिन एअर घेतं, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते. इंजिनवरच्या डिझेलच्या हँडपंपाने ती काढा, मिनिटभर सेल्फ मारत बसू नका, स्टार्टर जळतो. फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात दर महिन्याला सोडा.

घरचा लाल मोठा सिलिंडर दोरीने बांधून नेणं. ५ किलोचा छोटा घ्या आणि पत्र्याला पट्ट्याने घट्ट कसा. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे हवा खेळायला जाळी तळाशी हवी, खिडकी उघडी ठेवून भागत नाही. नळीवर पाच वर्षांची मुदत छापलेली असते, हादऱ्यांमुळे मी दोनच वर्षं वापरतो. जोडणी साबणाच्या फेसाने तपासा. काडी पेटवून तपासणारा माणूस मी पाहिलाय, भुवया परत आल्यात त्याच्या. आणि थंडीत शेगडीचे निखारे बंद गाडीत घेऊन झोपू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.

आरटीओ. "नंतर बघू" म्हणत आधी कापाकापी करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. सीटा काढण्याआधी जाऊन विचारा. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, तेव्हा ही हौस बाहेर येतेच.

राहिले उंदीर. गहू निघाल्यावर शेताकडेला गाडी लावली की हे आत येतात आणि वायरींचं इन्सुलेशन कुरतडतात. चोपड्याला सासुरवाडीत एका रात्री हॉर्नच्या बटणाची वायर यांनी सोलली, ती पत्र्याला टेकली आणि पहाटे तीन वाजता हॉर्न सुरू झाला. बॅटरीचा पाना घरात, घराची चावी मेहुण्याकडे, मेहुणा मळ्यात. दोन गल्ल्या जाग्या झाल्या. आता बॅटरीला कटऑफ स्विच लावलाय, आणि मुक्कामाला गेलो की पाणी पुढे करण्याआधी सासरे विचारतात, "जावईबापू, स्विच बंद केला ना?"