परदेशातल्या वर्गाशी जोडून घेताना: प्राथमिकच्या नव्या शिक्षकांसाठी

आपला वर्ग परदेशातल्या वर्गाशी जोडायचा म्हटलं की नव्या शिक्षकाला पहिला सुचतो तो व्हिडिओ कॉल. पडद्यावर तिकडची मुलं, समोर इकडची मुलं, दोन्हीकडून हात हलवणं, एखादं गाणं, मग फोटो. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. पुढच्या आठवड्यात काय? काहीच नाही. बरेचसे उपक्रम इथेच आटोपतात, कारण नावगाव विचारून झाल्यावर एकमेकांकडे मागण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून उपक्रम निवडताना मी आधी एकच गोष्ट बघते: आमच्या मुलांना त्या वर्गाकडूनच मिळेल, दुसरीकडे कुठेही मिळणार नाही, असं यात काय आहे? देशाची राजधानी आणि राष्ट्रीय पक्षी विचारण्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

ही कल्पना इंटरनेटच्याही आधीची. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे गावातल्या शाळेचे मास्तर १९२० च्या दशकात वर्गात छोटा छापखाना चालवायचे. मुलांनी लिहिलेलं मुलांनीच छापायचं आणि टपालाने दूरच्या शाळेला पाठवायचं. इकडे डोंगरातलं गाव, तिकडे फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांताचा समुद्रकिनारा. एकाला जे रोजचं, ते दुसऱ्याने कधी पाहिलेलं नाही. टपाल जाऊन ईमेल आलं, तरी मर्म तेच राहिलं.

हे कसं घडतं ते पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या उपक्रमात मी जवळून पाहिलं. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या विज्ञानशिक्षण केंद्राने असा आंतरराष्ट्रीय उपक्रम बरीच वर्षं चालवला होता. ठिकठिकाणच्या शाळांनी पाणी उकळायचं, तापमान नोंदवायचं, सोबत पाणी किती घेतलं, शेगडी कोणती, खोलीचं तापमान किती, शाळा किती उंचावर आहे हे लिहायचं आणि कशामुळे फरक पडतो ते शोधायचं. त्याच धर्तीवर आम्ही मेक्सिको सिटीतल्या एका वर्गासोबत हा प्रयोग केला. (उकळण्याचं काम शिक्षकाचं, मुलं लांबून बघणार, हे दोन्हीकडे आधीच ठरवून घ्या.) आमचा आकडा शंभरच्या आसपास आला. त्यांचा आला त्र्याण्णवच्या खाली. वर्गाचा निकाल तयारच होता: "बाई, त्यांचा थर्मामीटर बिघडलाय!" मी काही बोलले नाही. मुलांनी फार सभ्य भाषेत पत्र लिहिलं, "तुमचं पाणी नीट उकळलं होतं का?" उत्तरात फोटो आला. भांड्यात खदखदणारे बुडबुडे, त्यात थर्मामीटर आणि खाली एक प्रश्न: तुमची शाळा किती उंचावर आहे? आमच्या वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग नकाशे निघाले. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटर उंचीवर आहे. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो, म्हणजे साडेसात अंश खाली. हिशेब जुळल्यावर वर्गात जो गोंधळ झाला, तो शेजारच्या वर्गाने ऐकून तक्रार करण्याइतका मोठा होता. हवेचा दाब हा धडा त्यानंतर मला फारसा शिकवावा लागला नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांना आकड्यांचं हे प्रकरण जड जातं. त्यांच्यासाठी आयअर्न या शाळा जोडणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा टेडी बेअर प्रकल्प मला सगळ्यात सोपा वाटतो. दोन वर्गांनी एकेक मऊ खेळणं टपालाने एकमेकांकडे पाठवायचं. पाहुणं खेळणं आळीपाळीने मुलांच्या घरी जातं आणि स्वतःच्या नावाने आपल्या मूळ वर्गाला रोजनिशी पाठवतं. लिहितात अर्थात मुलंच. "माझ्या घरी काय असतं" असा निबंध दिला की दोन ओळींवर अडणारी मुलं अस्वलाच्या नावाने मात्र भरभरून लिहितात. एका मुलीने लिहिलं होतं, "आज मला दप्तरात उलटं ठेवलं. या घरातले आजोबा रेडिओ लावून झोपतात आणि रेडिओ बंद केला की जागे होतात." स्वतःचं घर परक्याच्या नजरेने पाहणं सातव्या वर्षी याहून सोप्या वाटेने कसं साधणार? पार्सलवर "मऊ खेळणं, विक्रीसाठी नाही" असं स्पष्ट लिहा, आत खाऊ ठेवू नका आणि ते पोचायला काही आठवडे लागतील हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

थेट कॉल नकोच असं मी म्हणत नाही. पण त्यात खेळ हवा. सगळ्यात रंगतो तो ओळखीचा खेळ: दोन्ही वर्ग आपला देश लपवतात आणि फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारून दुसऱ्याचा देश ओळखतात. "तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का?" या एका प्रश्नात अर्धं जग बाद होतं, हे मुलांना लवकर कळतं. वर्गात कामं वाटून द्या. कुणी नकाशावर, कुणी प्रश्न ठरवायला, कुणी उत्तरं टिपायला. नाहीतर चार बोलकी मुलं पुढे बसतात आणि बाकीची खिडकीबाहेर बघतात.

साधनाच्या प्रेमात मात्र पडू नका. हा खेळ वर्षानुवर्षं स्काइपवर चालायचा. मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं. मुलांचे छोटे व्हिडिओ ठेवायला कित्येक शिक्षक वापरत होते ते फ्लिप २०२४ मध्ये स्वतंत्र ॲप म्हणून संपलं. मुलांचं काम दर महिन्याला उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवायची सवय लावून घ्या. साधन कोणतं, हा प्रश्न तसाही शेवटी येतो. साधं ईमेल आणि दोघांना उघडता येईल असं एक सामायिक पान एवढ्यावर पूर्ण सत्र निघतं.

खरी डोकेदुखी वेळेची. पृथ्वीच्या दोन टोकांच्या शाळांचे तास बहुधा जुळतच नाहीत, म्हणून मुख्य काम पाठवून ठेवायचं आणि सवडीने बघायचं असंच आखा. कॉल ठरवायचाच असेल तर वेळ यूटीसीमध्येही (जगभरची सामायिक प्रमाणवेळ) लिहा. मार्चमध्ये विशेष सांभाळा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी, आणि अनेक देशांत हलतच नाहीत. मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा फरक तासाने चुकतो. शाळांची वर्षंही वेगळी. जपानमध्ये वर्ष एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस, युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. ऑक्टोबर-नोव्हेंबर बहुतेकांना सोयीचा पडतो. तरी दोन्हीकडच्या सुट्ट्यांची यादी पहिल्याच ईमेलमध्ये मागून घ्या.

त्याच ईमेलमध्ये आणखी काही विचारायला लाजू नका: मुलं किती, वय काय, आठवड्याला किती वेळ देता येईल, उत्तर किती दिवसांत येईल. "बघू, जसं जमेल तसं" असं उत्तर आलं तर मी नम्रपणे दुसरा वर्ग शोधते. उत्साह सगळ्यांकडेच असतो. आठवड्याला एक निरोप न चुकता पाठवणारा शिक्षक त्याहून दुर्मीळ.

मुलांच्या माहितीबाबत ढिलाई नको. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करायला पालकांची संमती लागते, युरोपात ही वयोमर्यादा देशागणिक १३ ते १६, भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८. दोन वर्ग जोडताना ज्याचा नियम कडक, तो दोघांनी पाळायचा. मुलांची खाती उघडूच नका, सगळं शिक्षकाच्या खात्यातून जाऊ द्या. फक्त पहिलं नाव, आणि फोटो गटाचा, त्यावर नावं न लिहिता. ज्या पालकांनी फोटोला नकार दिलाय त्यांच्या मुलाला बाजूला उभं करू नका. त्या दिवशी सगळ्यांनीच स्वतःची चित्रं काढून पाठवावीत.

जोडीदार कुठे शोधायचा? युरोपातल्या आणि त्यात सहभागी असलेल्या देशांतल्या शाळांसाठी २००५ पासून ई-ट्विनिंग हे ऑनलाइन व्यासपीठ आहे. बाकीच्यांनी आयअर्न बघावं. १९८८ मध्ये मॉस्को आणि न्यूयॉर्क राज्यातल्या शाळा जोडण्यापासून सुरू झालेलं हे जाळं आता १४० हून अधिक देशांत आहे. तिथल्या 'लर्निंग सर्कल'मध्ये सहा-आठ वर्गांचा गट करून देतात. प्रत्येक वर्ग एक उपक्रम स्वतः चालवतो आणि बाकीच्यांच्या उपक्रमांना आपला वाटा पाठवतो. सत्रं सप्टेंबरला आणि जानेवारीला, अशी वर्षातून दोनदा सुरू होतात. नवख्या शिक्षकाला मी दोन वर्गांच्या जोडीपेक्षा हाच मार्ग सुचवते. जोडीतला एक वर्ग परीक्षांमुळे किंवा शिक्षकाच्या बदलीमुळे गप्प झाला की सगळंच थांबतं. सहा-आठांत एखादा गळाला तरी मुलांच्या टपालाला उत्तर येत राहतं.