हौशी संस्थेला दिलेली देणगी आणि आयकरातील वजावट : या चुका टाळा

छंदाला संस्थेचे रूप देण्याची पुण्याची परंपरा जुनी आहे. १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा एम्प्रेस गार्डन सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे. (ही नावे परंपरेचा दाखला म्हणून घेतली आहेत, त्यांच्या करविषयक स्थितीबद्दल येथे काहीही सुचवायचे नाही.) त्यांच्याखेरीज आकाशदर्शन, गडसंवर्धन, पक्षीनिरीक्षण, नाणेसंग्रह, गुलाबाची बाग, हौशी रंगभूमी यांसाठी पदरमोड करून चालवलेली लहान मंडळे पेठांपासून कोथरूडपर्यंत जागोजागी आहेत आणि त्यांचा गाडा मुख्यतः ओळखीच्या माणसांच्या देणग्यांवर चालतो. अशाच एका संस्थेचे हिशेब मी काही वर्षे पाहिले. मार्च उजाडला की देणगीदार हमखास विचारत, “पावती मिळेल ना?” पावती मिळतच असे. मात्र वजावट केवळ पावतीवर मिळत नाही, हे त्यांतील अनेकांना जुलैमध्ये विवरणपत्र भरताना कळे आणि तोवर फार थोडे हातात उरलेले असे.

नोंदणी क्रमांक म्हणजे ८०जी नव्हे

सर्वांत जास्त आढळणारी चूक ही आहे. पावतीच्या माथ्यावर नोंदणी क्रमांक छापलेला असतो आणि तो पाहून देणगीदार निश्चिंत होतो. वास्तविक एका संस्थेकडे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. पहिली म्हणजे संस्थेचे कायदेशीर अस्तित्व, म्हणजे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालील किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील धर्मादाय कार्यालयातील नोंदणी. दुसरी म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १२एबीखालील नोंदणी, जिच्यामुळे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत मिळते. तिसरी म्हणजे कलम ८०जीखालील मंजुरी, आणि देणगीदाराला वजावट मिळते ती केवळ या तिसऱ्या गोष्टीमुळे. पहिल्या दोन्ही असून तिसरी नसलेल्या हौशी संस्था पुष्कळ आहेत. त्यात त्यांचे काही गैर नाही, पण त्यांना दिलेल्या रकमेवर वजावट मागता येत नाही. उत्सवाची वर्गणीही याच न्यायाने पाहावी. मंडळाने वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतली असली, तरी त्या परवानगीचा ८०जीशी संबंध नसतो.

यातच आणखी एक फसगत होते. २०२१ पूर्वी मिळालेली ८०जीची अनेक प्रमाणपत्रे बेमुदत मानली जात आणि ती आजही संस्थेच्या कार्यालयात भिंतीवर चौकटीत लावलेली दिसतात. १ एप्रिल २०२१ पासून व्यवस्था बदलली. जुन्या संस्थांना पुन्हा अर्ज करावा लागला, नियमित मंजुरी पाच वर्षांची झाली आणि नव्या संस्थांसाठी तीन वर्षांपर्यंतची तात्पुरती मंजुरी आली. त्या वेळी पुन्हा अर्ज केलेल्या बहुसंख्य संस्थांची पाच वर्षे ३१ मार्च २०२६ रोजी संपतात. लहान संस्थांची १२एबी नोंदणी आता दहा वर्षांसाठी मिळू शकते, परंतु ८०जीची मुदत पाचच वर्षांची राहिली आहे, आणि त्यामुळे एक चालू व दुसरी संपलेली असे होऊ शकते. म्हणून देणगी देण्यापूर्वी मंजुरीच्या आदेशाची प्रत मागावी, त्यावरील कालावधी वाचावा आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव व पॅन पडताळून पाहावा. अशी प्रत मागण्यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. नीट चालणारी संस्था ती आनंदाने देते.

छंद सभासदांचा की समाजाचा?

हौशी संस्थांच्या बाबतीत हा प्रश्न कळीचा आहे आणि त्याचा विचार सहसा कोणी करत नाही. कलम २(१५) मध्ये धर्मादाय हेतूची व्याख्या आहे. गरिबांना साहाय्य, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत, पर्यावरणाचे रक्षण, स्मारके व कलात्मक किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंचे जतन आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचे अन्य कोणतेही उद्दिष्ट, असा तिचा आवाका आहे. छंद हा शब्द त्यात नाही. म्हणजे छंदामुळे संस्था अपात्र ठरत नाही, तशी पात्रही होत नाही. त्या छंदातून लोकांसाठी काय घडते ते पाहिले जाते. किल्ल्यावरील टाक्यांमधला गाळ काढणारी, शाळांतील मुलांना दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दाखवणारी किंवा टेकडीवरच्या पाणवठ्याची निगा राखणारी संस्था या व्याख्येत बसण्याची शक्यता बरीच असते. याउलट वर्गणीदार सभासदांनी आपसांत पत्ते खेळावेत, आपल्याच सहली काढाव्यात आणि आपलाच हॉल वापरावा, अशी मंडळी कितीही सज्जन असली तरी तो परस्परांच्या सोयीचा क्लब ठरतो.

सभासद शुल्काची गफलत येथूनच सुरू होते. ग्रंथालय वापरता यावे, कार्यशाळेत जागा मिळावी किंवा पदभ्रमणात नाव लागावे म्हणून भरलेली रक्कम ही त्या सेवेची किंमत आहे. पावतीवर देणगी असे लिहिल्याने तिचे स्वरूप बदलत नाही. स्मरणिकेतील जाहिरातीचेही तसेच आहे. दुकानदाराने प्रदर्शनात फलक लावून घेतला, तर तो त्याच्या व्यवसायाचा जाहिरात खर्च म्हणून दाखवता येईल. ती ८०जीची देणगी नव्हे. शुल्क आणि देणगी एकाच वेळी द्यायची असेल, तर दोन स्वतंत्र पावत्या घ्याव्यात.

खेळांच्या संघटनांबद्दलचा एक गैरसमजही येथेच दूर केलेला बरा. भारतीय ऑलिंपिक संघटना किंवा क्रीडाविकासासाठी शासनाने अधिसूचित केलेली संघटना यांना दिलेल्या देणगीची खास तरतूद ८०जीमध्ये आहे, पण ती फक्त कंपन्यांसाठी आहे. आपल्या वॉर्डातील बुद्धिबळ मंडळाला एखाद्या व्यक्तीने दिलेल्या पैशांना ती लागू होत नाही.

पैसे कसे दिले, कोणी दिले

दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रकमेची देणगी रोखीने दिली, तर तिच्यावर अजिबात वजावट मिळत नाही. येथे अनेकांचा समज उलटा असतो. पाच हजार रोख दिले म्हणून दोन हजारांपुरती तरी वजावट मिळेल असे त्यांना वाटते, पण ती शून्य असते. धनादेश, यूपीआय किंवा बँक हस्तांतरण हाच मार्ग धरावा. वस्तुरूप देणगीलाही वजावट नाही. वापरात नसलेली दुर्बीण, गिर्यारोहणाचे दोर, जुनी पुस्तके संस्थेला जरूर द्यावीत, त्यांचे मोल संस्थेला फार असते, परंतु त्यांची किंमत विवरणपत्रात लिहू नये.

वडिलांच्या नावे पावती आणि मुलाच्या खात्यातून यूपीआय, हा प्रकार घरोघरी चालतो. ज्याला वजावट हवी त्याच्याच खात्यातून रक्कम जावी आणि त्याचाच पॅन संस्थेला द्यावा. परदेशातील महाराष्ट्र मंडळाला दिलेली देणगी मात्र या चर्चेच्या बाहेरच राहते, कारण संस्था भारतात स्थापन झालेली असावी ही ८०जीची मूळ अट आहे.

आकडा मांडताना

जुनी करप्रणाली निवडली असेल तरच ८०जीची वजावट मिळते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. ती तशीच राहू दिली तर देणगीचा रकाना निरुपयोगी ठरतो. केवळ देणगीसाठी जुनी प्रणाली घ्यावी का, हे दोन्ही आकडे मांडल्याशिवाय ठरवू नये. नोकरदारांनी हेही ध्यानात ठेवावे की अशा खासगी संस्थांच्या देणग्या मालक सहसा हिशेबात धरत नाही. मालकाकडून मिळणाऱ्या करकपातीच्या प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म १६ मध्ये, त्या दिसल्या नाहीत म्हणून हक्क गेला असे नव्हे. विवरणपत्रात त्या स्वतः दाखवाव्यात.

बहुतेक हौशी संस्था ५० टक्के वजावटीच्या आणि मर्यादेच्या गटात येतात, म्हणजे देणगीची निम्मीच रक्कम, तीही उत्पन्नावरून ठरणाऱ्या मर्यादेपर्यंतच, वजा होते. समजा, एखाद्याचे एकूण स्थूल उत्पन्न ९,००,००० रुपये आहे, त्यात भांडवली नफा नाही आणि कलम ८०सीची (विमा, भविष्य निर्वाह निधी अशा बचतीवरची) वजावट १,५०,००० रुपये आहे. उरलेल्या ७,५०,००० रुपयांचे १० टक्के म्हणजे ७५,००० रुपये ही पात्र देणगीची मर्यादा झाली. त्याने १,००,००० रुपये दिले असले, तरी ७५,००० चे निम्मे, म्हणजे ३७,५०० रुपये उत्पन्नातून वजा होतात, आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ७,८०० रुपयांचा कर वाचतो. मर्यादेबाहेरचे २५,००० रुपये पुढील वर्षी नेता येत नाहीत. “लाख दिले, पन्नास हजार कर वाचेल” असे कोणी सांगत असेल, तर त्याने वजावट आणि कर यांत गल्लत केलेली आहे.

१० बीई दिसत नाही, तेव्हा

आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेने वर्षभरातील देणग्यांचे विवरण १० बीडी या नमुन्यात पुढील ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायचे असते आणि त्यावरून तयार होणारे १० बीई हे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे असते. वजावटीचा खरा आधार हे प्रमाणपत्र आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते हाती नसेल, तर खजिनदाराला लगेच विचारावे. विवरण भरलेच नसेल, तर ते उशिरानेही भरता येते, मात्र संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क पडते आणि १०,००० ते १,००,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेला हा भार झेपणारा नसतो, म्हणून देणगीदारांनी मे महिन्यातच आठवण करून देणे हे मी संस्थेवरील प्रेमाचेच काम मानतो.

प्रमाणपत्र मिळाले तरी ते अक्षर न् अक्षर तपासावे. आमच्याकडे एकदा देणगीदाराच्या पॅनमधील इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर आणि शून्य यांची अदलाबदल झाली होती. पॅनमध्ये आधी पाच अक्षरे, मग चार अंक आणि शेवटी एक अक्षर असते, एवढे पाहिले असते तरी ती चूक तिथल्या तिथे सापडली असती. अशा वेळी संस्थेने सुधारित १० बीडी भरावे आणि त्यानंतरच देणगीदाराने विवरणपत्र भरावे. विवरणपत्राच्या देणगी परिशिष्टात संस्थेचा पॅन द्यायचा असतो. घाईत तेथे चिटणिसांचा वैयक्तिक पॅन लिहिल्याचे मी पाहिले आहे. पॅनचे चौथे अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ आणि न्यासासाठी ‘टी’ असते, त्यावरून हा घोटाळा चटकन ओळखता येतो.

वजावट नाकारल्याची सूचना आलीच, तर गप्प बसू नये. १० बीई, पावती आणि बँकेचा उतारा एकत्र करून दिलेल्या मुदतीत पोर्टलवर उत्तर द्यावे. दावाच चुकीचा होता असे लक्षात आले, तर विवरणपत्र सुधारावे. सुधारण्याची मुदत गेली असेल, तर अतिरिक्त कर भरून अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. चुकीची माहिती जाणूनबुजून दिल्याचे ठरले, तर त्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. कमिशन कापून पैसे परत देण्याचे आमिष दाखवणाऱ्या पावत्यांच्या जवळपासही जाऊ नये. त्यांच्यामुळे खऱ्या संस्थांकडेही संशयाने पाहिले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, परंतु आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये दिलेल्या देणगीचा हिशेब १९६१ च्या कायद्यानेच होतो. संस्थांनी आपली पावतीपुस्तके नव्याने छापून घेताना त्यांवर संस्थेचा पॅन, मंजुरीचा क्रमांक, दिनांक आणि मुदत छापावी, आणि देणगीदाराच्या पॅनसाठी दहा स्वतंत्र चौकटी आखून घ्याव्यात. आमच्या पावतीवर त्या चौकटी आल्यानंतर पॅन चुकल्याची तक्रार आली नाही.